शरशय्येवरची उशी

यंदाच्या भीष्माष्टमीस आपल्या मंदिराच्या सभामंडपात नेहमीप्रमाणे प्रवचन झाले. बुवांनी शरपंजरी पडलेल्या पितामहांचे वर्णन रसाळपणे केले, शंतनूने दिलेल्या इच्छामरणाच्या वराचे माहात्म्य सांगितले, आणि तीर्थप्रसाद वाटण्याची वेळ आली. तोच स्त्रियांच्या बाजूस खांबाशी बसलेल्या एक वृद्ध भगिनी उभ्या राहिल्या. त्या आपल्या सभासद कुटुंबांपैकीच आहेत. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्या म्हणाल्या, "बुवा, भीष्मांनी आपल्या इच्छेने देह ठेवला, तर आपण त्यांचे तर्पण करतो. आमच्या ह्यांनी सहा महिने हात जोडून मरण मागितले, तेव्हा सगळ्यांनी सांगितले की असे बोलणेसुद्धा पाप. ह्यांतले खरे कोणते?"

बुवांनी 'पितामहांची गोष्ट निराळी' असे म्हणून वेळ निभावली व आरती सुरू झाली. परंतु आमचे मन आरतीत लागेना. कारण त्या भगिनींनी ज्यांना 'सगळे' म्हटले, त्यांत आम्हीही होतो.

त्यांचे यजमान निवृत्त शिक्षक. जबड्याचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, काही महिन्यांनी दुखणे पुन्हा उलटले. अखेरच्या दिवसांत बोलणे बंद झाले होते, म्हणून उशाशी शाळेतली एक पाटी ठेवलेली असे. आम्ही समाचारास गेलो तेव्हा त्यांनी तिच्यावर एकच शब्द लिहिला: 'सोडवा'. आम्ही त्यांना प्रारब्धभोगाविषयी चार गोष्टी सांगितल्या, भोगून संपविल्यावाचून गत्यंतर नाही असे बजावले, दिलेला चहा घेतला आणि घरी आलो. निघताना त्यांनी पाटी पुसल्याचे आम्ही पाहिले होते. हा लेख लिहावयास आम्ही बसलो आहोत तो ह्या एका आठवणीमुळे.

असाध्य व्याधीने पीडलेल्या मनुष्याने मरण मागावे काय, आणि मागितल्यास इतरांनी त्याला साह्य करावे काय, ह्या प्रश्नावर आपल्या पूर्वजांनी विचारच केला नाही अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. भारतरत्न महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे ह्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा विषय विस्ताराने मांडला आहे. आत्मघात हे महत्पाप, हा तर शास्त्राचा सर्वसामान्य दंडक. पण ज्याला शौचाचे भान उरले नाही आणि वैद्यांनी ज्याची चिकित्सा सोडून दिली, अशा अतिवृद्धाने कड्यावरून, अग्नीत वा जलात देह टाकला तर त्याला तो दोष लागत नाही, असा अपवादही स्मृतिकारांनी सांगितला होता. पुढे निबंधकारांनी हा अपवाद कलिवर्ज्यांत घातला, म्हणजे ह्या युगात तो चालणार नाही असे ठरविले. अनुज्ञा देणारेही शास्त्रच आणि ती परत घेणारेही शास्त्रच! ती का परत घेतली असावी, ह्याचा विचार आम्ही पुढे करू. तूर्त एवढेच की, 'शास्त्रात काय आहे' असे विचारणाऱ्यास एका वाक्यात उत्तर देणारा मनुष्य एकतर शास्त्र वाचलेला नसतो किंवा अर्धे लपवीत असतो.

कायद्याची वाटचालही अशीच नागमोडी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तेच मत उचलून धरले. आणि १९९६ साली पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवून, जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे सांगितले. तरीही जो मृत्यूच्या पंथाला लागलाच आहे त्याची अखेर सन्मानाने व्हावी, हा विचार त्या निकालातही होता, आणि पुढील सारे त्यातूनच निघाले.

अरुणा शानबाग हे नाव आपल्यांपैकी बहुतेकांनी ऐकले असेल. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील ही तरुण परिचारिका. १९७३ च्या नोव्हेंबरात तेथील एका सफाई कामगाराने तिच्यावर पाशवी अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूला रक्त मिळाले नाही, आणि ती जी अंथरुणास खिळली ती १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली तोपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ. लेखिका पिंकी विराणी ह्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की ह्या देहाला अन्न भरविणे थांबवावे. रुग्णालयातील परिचारिकांनी त्याला कसून विरोध केला. ज्यांच्या जन्माआधीची ती घटना, अशा मुलीसुद्धा नोकरीस लागल्या की अरुणाची सेवा आपली मानीत. इतकी वर्षे अंथरुणात असून तिच्या अंगावर एक शय्याव्रण उठू दिला नाही, ही त्यांची ख्याती. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी अर्ज फेटाळला. मात्र अशा अवस्थेतील रुग्णाचे कृत्रिम उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबविता येतील, असा दरवाजाही त्याच निकालाने किलकिला केला.

आम्ही त्या वेळी विराणीबाईंच्या बाजूचे होतो, हे येथे कबूल करतो. जिला स्वतःचे नाव कळत नाही तिला कशाला घास भरवायचे, असे आम्हांस वाटे. आज तसे वाटत नाही. मत पालटण्याचे कारण तत्त्वज्ञानात नाही, त्या परिचारिकांत आहे. अरुणाने कधी 'मला सोडवा' असे लिहिले नव्हते. तिच्या वतीने ते कोणी लिहावयाचे तर ज्यांनी तिचे अंग पुसले त्यांनी, वर्तमानपत्र वाचून हळहळणाऱ्या आमच्यासारख्यांनी नव्हे. उलट, आमच्या गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिले होते. ही दोन प्रकरणे एकाच मापाने मोजण्याची चूक सर्वत्र होते आणि मग चर्चा नुसती तापते.

आता पितामहांकडे वळू. प्रवचनांतून आपण इच्छामरणाचा वर ऐकतो आणि मूळ कथेतील तीन गोष्टी विसरून जातो. पहिली ही की, भीष्म पडताच दुर्योधनाने शल्य काढण्यात निष्णात असे वैद्य आणून उभे केले, आणि पितामहांनी त्यांना द्रव्य देऊन, सन्मानपूर्वक परत पाठविले. आता ह्यांचे काम नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. त्या नकाराला व्यासांनी कोठेही आत्मघात म्हटलेले नाही.

दुसरी गोष्ट: त्यांनी उशी मागितली आणि पाणी मागितले. मस्तक लोंबकळत होते म्हणून उशी, घसा कोरडा पडला म्हणून पाणी. राजेलोकांनी मऊमऊ उशा आणल्या, त्या त्यांनी नाकारल्या. काय हवे ते अर्जुनाला उमगले व त्याने तीन बाणांचा आधार दिला. ज्याच्या हाती गांडीव होते आणि ज्याच्या बाणांनी देह आधीच चाळणी झाला होता, त्याच्याकडे आणखी एक बाण मागणे पितामहांस अवघड नव्हते. तो त्यांनी मागितला नाही. अठ्ठावन्न रात्री ते उत्तरायणाची वाट पाहत पडून राहिले.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिचा उल्लेख आम्ही एकाही प्रवचनात ऐकलेला नाही. शांतिपर्वात युधिष्ठिर धर्म विचारावयास येतो तेव्हा भीष्म म्हणतात की, बाणांच्या दाहाने अंग जळते आहे, बुद्धी ठिकाणावर नाही, मी धर्म काय सांगणार? तेव्हा श्रीकृष्ण त्यांना वर देतात: दाह, वेदना, मूर्च्छा, भूक, तहान ह्यांपैकी काहीही तुम्हांला बाधणार नाही आणि तुमची बुद्धी स्वच्छ राहील. त्यानंतरच शांतिपर्व व अनुशासनपर्व ह्यांतील तो प्रचंड उपदेश सुरू होतो. प्रत्यक्ष भीष्मांनाही वेदना शमल्यावाचून धर्मनिर्णय करता आला नाही. मग गळ्याखाली पाण्याचा थेंब उतरताना तळमळणाऱ्या शाळामास्तरांस आम्ही प्रारब्धाचा विचार करावयास सांगत होतो, तो कोणत्या अधिकाराने?

वेदनाशमनाचा हा वर मागण्यास आज द्वारकेपर्यंत जावे लागत नाही. आपल्या इंदुरापासून काही तासांच्या वाटेवर मंदसौर आणि नीमच. माघ-फाल्गुनात तेथील शेतांतून पांढरी खसखशीची फुले डोलताना आपण पाहिली असतील. सरकारी परवान्याने पिकविलेली ती अफू. नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यापासून औषधी द्रव्ये काढतात, आणि त्यांतील मुख्य म्हणजे मॉर्फीन. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर ह्याच्या तोडीचे स्वस्त औषध नाही. त्याची गोळी घरी घेता येते, आणि जाणत्या डॉक्टराच्या देखरेखीखाली ती वर्षानुवर्षे सुरक्षितपणे दिली गेली आहे. मग गुरुजींना ती का मिळाली नाही? ज्या रुग्णालयात त्यांचे उपचार चालू होते तेथे ती ठेवीतच नसत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची अशी जाळी विणली की रुग्णालयांनी ह्या भानगडीत न पडणेच पत्करले. २०१४ साली संसदेने तो कायदा सुधारला, मान्यताप्राप्त संस्थांना वाट मोकळी केली. पण भीती कागदावरून पुसली तरी मनातून पुसली जात नाही. डॉक्टर भितात, औषधविक्रेते भितात, आणि 'अफूची सवय लागेल' म्हणून नातलगही भितात. ज्याचे चार महिने उरले आहेत त्याला सवय लागण्याची चिंता आम्हीच त्या घरी बसून केली होती. शेजारच्या जिल्ह्यांत पीक, आणि आपल्या आळीत माणूस ओरडत मरतो! पापपुण्याचा हिशेब करावयाचाच असेल तर तो येथून सुरू करावा.

मुंबईस वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन निघाले. असाध्य कर्करोग्यांसाठी देशातील ते पहिले आश्रयस्थान, आणि गोव्यातही त्याची शाखा आहे. केरळात तर आळीआळीतून स्वयंसेवक रोग्यांच्या घरी जातात. तेथील अनुभवी डॉक्टरांचे सांगणे असे की, मरण मागणाऱ्या रोग्याची वेदना शमविली, त्याच्यापाशी कोणी बसले, की बहुतेकांची ती मागणी मागे पडते. 'बहुतेकांची' असे आम्ही म्हणतो, 'सर्वांची' नव्हे. त्या उरलेल्यांचा प्रश्न आम्ही टाळणार नाही.

तत्पूर्वी, उपचार थांबविण्याचा प्रश्न मिटवू. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निःसंदिग्धपणे सांगितले की सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सज्ञान मनुष्यास उपचार नाकारता येतात, आणि उद्या शुद्ध हरपली तर काय करावे व काय करू नये हे आजच लिहून ठेवता येते. ह्या लेखास लोक 'लिव्हिंग विल' म्हणतात. प्रथम त्याची रीत इतकी किचकट होती की कोणी वाटेस जाईना. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीचे अथवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन घेतले की पुरे. आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे लिहावी लागतात. प्रसंग आल्यास रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि मग दुसरे एक मंडळ तपासून मत देते, शक्यतो प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांत, आणि दंडाधिकाऱ्यास कळविले जाते. गोव्यात असा पहिला लेख २०२४ च्या मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक ह्यांनी नोंदविला. ह्यात आम्हांस तिळमात्र अधर्म दिसत नाही. पितामहांनी वैद्य परत पाठविले, त्याचेच हे नोटरीच्या शिक्क्याचे रूप. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्न व औषध सोडून देह ठेवला. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारास तेच केले. दोघांचे विचार दोन टोकांचे, पण ह्या एका बाबतीत वाट एक. दोघांनीही दुसऱ्या कोणाच्या हातून काही मागितले नाही, हेही ध्यानात ठेवण्याजोगे.

येथे चतुर वाचक विचारील: नळी काढली तरी माणूस मरतो आणि सुई टोचली तरी मरतो, हेतू एकच, फळ एकच, मग एक धर्म आणि दुसरा अधर्म कसा? 'पहिल्यात रोग मारतो, दुसऱ्यात आपण' हे नेहमीचे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. वाडा मिळावा म्हणून पुतण्याने चुलत्याची प्राणवायूची नळी काढली तर तेथेही रोगानेच मारले असे म्हणता येईल. पण तो खूनच. तेव्हा भेद हाताच्या क्रियेत नाही, संमतीत आहे. माझ्या देहात माझ्या इच्छेविरुद्ध नळी घालण्याचा हक्क कोणालाच नव्हता. ती काढणे म्हणजे माझे मला परत देणे. परंतु 'मला मार' असे मी म्हणतो तेव्हा मी माझे परत मागत नाही, दुसऱ्याचा हात मागतो. तो हात देण्याचे कर्तव्य मी त्याच्यावर लादू शकत नाही.

त्याने आपखुशीने दिला तर? ह्या ठिकाणी गांधीजींची १९२८ सालची गोष्ट आठवते. साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असह्य यातनांनी तळमळत होते. डॉक्टरांनी आशा सोडली, त्याला कूस पालटविणेही शक्य नव्हते. गांधीजींनी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून त्याला सुई टोचवून मरण देवविले, आणि देशभर गदारोळ उठला. त्यांनी माघार घेतली नाही. ही अहिंसाच, असे ते म्हणाले. माणसाच्या बाबतीतही तत्त्व हेच, हे त्यांनी नाकारले नाही. मात्र माणसाची सेवा करण्याचा काही ना काही मार्ग बहुधा उरतोच, आणि तो आपले मन सांगू शकतो, हा फरक त्यांनी दाखविला. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, ज्याची वेदना कोणत्याही औषधाने शमत नाही, जो शुद्धीवर आहे, आणि जो पुनःपुन्हा मागतो आहे, अशा एका माणसापुढे उभे राहून 'तू मागतोस ते पाप' असे म्हणण्याचे धैर्य आज आम्हांत नाही. गाढ निद्रा आणणारी औषधे देऊन त्याची शेवटची घटका सुसह्य करता येते, आणि ती द्यावीत असे आम्ही म्हणू. पण एवढ्याने शंका सर्वस्वी फिटते असे नाही.

तरीसुद्धा असा कायदा आपल्याकडे व्हावा, असे आम्ही म्हणणार नाही. हॉलंड व बेल्जियम ह्या देशांत २००२ पासून, अमेरिकेतील ओरेगॉन संस्थानात १९९७ पासून, कॅनडात २०१६ पासून कोणत्या ना कोणत्या रूपाने असे कायदे आहेत. कॅनडात आरंभी ज्यांचा मृत्यू नजीक आहे अशांपुरती ती मुभा होती. २०२१ साली ती अट गेली. त्या लोकांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. त्यांची रुग्णालये निराळी, त्यांची घरे निराळी. आम्हांस भय वाटते ते आपल्या घरांचे.

आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांचे बोलणे आपण ऐकलेच आहे. 'आता देवाने डोळे मिटावे', 'किती दिवस तुम्हांला त्रास', 'माझ्यापायी सुनेचे हाल'. हे मरण मागणे आहे काय? बहुधा ते एवढेच विचारणे असते की, मी तुम्हांला जड झाले का गं? आणि त्याचे उत्तर 'नाही हो आई' असे, जवळ बसून, द्यावयाचे असते. ज्या दिवशी ह्या वाक्याचे उत्तर म्हणून एक छापील अर्ज उपलब्ध होईल, त्या दिवशी तो भरावयास सर्वांत आधी पुढे होतील त्या आपल्या विधवा आत्या-मावश्या. त्यांच्या वेदना इतरांहून अधिक म्हणून नव्हे. आयुष्यभर दुसऱ्याची गैरसोय होऊ न देण्याची त्यांना सवय, म्हणून. दवाखान्याचे बिल, दोन खोल्यांचे घर, परगावी नोकरी करणारा मुलगा, हे सारे त्या न बोलता मोजीत असतात. निबंधकारांनी वृद्धांच्या देहत्यागाची अनुज्ञा कलियुगापुरती काढून घेतली, ती हे पाहूनच काय? तसा पुरावा आमच्यापाशी नाही. पण ज्याने एखादे एकत्र कुटुंब आतून पाहिले आहे त्याला हे सुचल्यावाचून राहणार नाही.

एका अर्थी हे त्या उरलेल्या थोड्यांवर अन्याय करणारे मत आहे. अनेकींच्या संरक्षणासाठी आम्ही त्या एकाला, ज्याची वेदना खरोखरीच शमत नाही त्याला, ताटकळत ठेवतो आहोत. हे आम्ही जाणून लिहीत आहोत.

भीष्माष्टमीनंतरच्या एकादशीस त्या भगिनी पुन्हा मंदिरात भेटल्या. आम्ही त्यांना पाटीची आठवण दिली आणि आपल्या चहापानाबद्दल क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात तरी. पुष्कळजण आलेच नाहीत." मग पिशवीतून एक टंकलिखित कागद काढला. स्वतःसाठी केलेला तो लेख होता: कृत्रिम श्वसनयंत्र नको, अतिदक्षता विभाग नको, वेदनेवर लागेल ते औषध मात्र द्यावे. नोटरीकडे जाण्यासाठी साक्षीदार म्हणून आम्ही यावे, असे त्यांचे म्हणणे. आपल्या वतीने बोलणारा म्हणून त्यात मुलाचे नाव घातले होते.

"मुलाला सांगितले आहे का?" आम्ही विचारले.

"त्याच्यापुढे विषयच काढवत नाही हो."

कागद आम्ही ठेवून घेतला आहे. मुलगा गुढीपाडव्यास पुण्याहून येणार आहे. तेव्हा तिघांनी मिळून बसावयाचे आणि मग नोटरीकडे जावयाचे, असे ठरले आहे.